कुंडी, हलशिगे, वेणुग्राम: बेळगाव परिसराच्या जुन्या इतिहासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे घर खानापूर तालुक्यात. सुट्टी आली की कुणी ना कुणी हलशीला (कदंब राजांची जुनी राजधानी, आता खेडे) घेऊन चला म्हणतो: पाहुणे, शाळेची मुले, कोल्हापूर-पुण्याकडचे भटके. परत गेले की फोनवर तेच प्रश्न, थोडे शब्द फिरवून. दर वेळी नव्याने टाइप करून बोटे दुखली, म्हणून एका जागी लिहून ठेवतो. भर आहे तो चौथ्या ते तेराव्या शतकावर. पुढचा इतिहास धावता येतो. मी बेळगाव असेच लिहितो कारण घरात तसेच बोलतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, हे ठाऊक आहे.

१. आमचा भाग जुन्या काळी नेमका कुणाच्या राज्यात होता? एका ओळीत सांगा ना.

एका ओळीत सांगायचे तर सगळ्यांच्या राज्यात, पण प्रत्येकाच्या कडेला.

थोडे सविस्तर: आधी बनवासीचे कदंब, मग बदामीचे चालुक्य, राष्ट्रकूट (७५३ ते ९७३), मग कल्याणीचे चालुक्य. या शेवटच्यांच्या हाताखाली आपल्याकडे दोन घराणी नांदली, सौंदत्तीचे रट्ट आणि गोव्याचे कदंब. तेराव्या शतकात देवगिरीचे यादव आले. पुढे विजयनगर आणि बहमनी यांची ओढाताण चालली आणि १४७२-७३ मध्ये महमूद गावानने वेढा घालून बेळगावचा किल्ला घेतला. त्यानंतर आदिलशाही, थोडा काळ मोगल (तेव्हा बेळगावचे नाव आझमनगर), मग सावनूरचे नवाब, पेशवे, हैदरअली यांची ये-जा. १० एप्रिल १८१८ ला किल्ला इंग्रजांकडे गेला.

आता राजधान्या मोजा: बनवासी, बदामी, मान्यखेट, कल्याण, देवगिरी, हंपी, बिदर, विजापूर, पुणे. एकही आपल्याकडे नाही. आपल्याकडे होत्या त्या छोट्या गाद्या: हलशी, सौंदत्ती, वेणुग्राम.

२. पण हा भाग कायम सीमेवरच का? कुणीतरी मध्ये घ्यायला हवा होता की!

नकाशा बाजूला ठेवा आणि पावसाळ्यात कणकुंबीहून सौंदत्तीपर्यंत जाऊन या. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते तिथे छत्री मिटायची सोय नसते. खानापूरपर्यंत भाताची खाचरे. बेळगाव ओलांडून पूर्वेला निघालात की झाडे विरळ होत जातात, काळी माती सुरू होते आणि सौंदत्तीकडे पोचेपर्यंत ताटात भाताऐवजी जोंधळ्याची भाकरी आलेली असते. दीड-दोनशे किलोमीटरच्या आतला हा फरक. पश्चिमेला घाट उतरला की गोवा-कोकण आणि बंदरे, पूर्वेला देशावरची पिके आणि पेठा.

घाटाखालचा माल वर येऊन जिथे मोकळा श्वास घेतो तिथे बेळगाव आहे. म्हणून घाटाखालच्या राजाला ते हवे असते, देशावरच्या राजालाही हवे असते. त्या काळी सीमा म्हणजे जमिनीवर आखलेली रेष नव्हती. कुठल्या नाक्यावरची जकात कुणाच्या पेटीत पडते, ती सीमा. आज या गावाची जकात सौंदत्तीला, उद्या गोव्याला. गावकरी तेच, बैल तेच.

३. वेणुग्राम म्हणजेच बेळगाव ना? नाव कसे पडले?

होय. जुन्या कोरीव लेखांत (शिलालेख, ताम्रपट) वेणुग्राम, वेळुग्राम अशी रूपे येतात. वेळू म्हणजे बांबू, एवढे पुरे आहे. यावर फोनवर तासभर वाद घालणाऱ्यांना मी चहाला बोलावतो आणि विषय बदलतो.

४. कुंडी ३०००, हलशिगे १२०००, वेणुग्राम ७०: हे आकडे कसले? तीन हजार गावे होती का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. जुन्या लेखांत प्रांताच्या नावाला आकडा चिकटलेला असतो. कुंडी किंवा कुहुंडी ३००० हा रट्टांचा प्रांत. हलशिगे (पलसिगे) १२००० आणि कोकण ९०० हे गोव्याच्या कदंबांचे. शेजारी बनवासी १२०००, हानगल ५००. वेणुग्राम ७० हा त्यातला छोटा विभाग.

७० गावे म्हटले तर पटते. बेळगावभोवतीची गावे हाताच्या बोटांवर मोजत गेलात तरी सत्तरच्या आसपास सहज जाल. १२००० गावे मात्र हलशीच्या मुलखात बसवून दाखवा! म्हणून अभ्यासकांत मते वेगवेगळी आहेत: कुणी गावांची संख्या म्हणतात, कुणी सारा-उत्पन्नाचा हिशेब, कुणी नुसता परंपरेने चिकटलेला आकडा. मला वाटते, छोटे आकडे बहुतेक गावांचे आणि मोठे आकडे महसुलाचे किंवा मिरवण्याचे. पण लोकसंख्या म्हणून तो आकडा कुठे छापू नका. एका स्मरणिकेत "कुंडी प्रांताची लोकसंख्या तीन हजार" असे मी वाचले आहे.

५. महामंडलेश्वर म्हणजे राजा की सुभेदार?

कागदावर मांडलिक, आपल्या मुलखात राजाच. रट्टांच्या आणि गोव्याच्या कदंबांच्या लेखांत आधी सम्राटाचे नाव आदराने येते, मग "त्याच्या पादपद्मांचा आश्रित" म्हणून महामंडलेश्वराचे. त्याला पंचमहाशब्दांचा, म्हणजे पाच वाद्ये वाजवून घेण्याचा मान. सारा तो गोळा करतो, देवळाला जमीन तो देतो, फौज त्याची. सम्राट बलवान असला तर लेखातली स्तुती लांब, दुबळा असला तर आखूड.

लग्नेही यात येतात. गोव्याच्या दुसऱ्या जयकेशीला खुद्द सहाव्या विक्रमादित्य चालुक्याने आपली मुलगी मैललदेवी दिली. सीमेवरचा माणूस नाराज ठेवून चालत नाही, हे सम्राटालाही कळत होते.

विक्रमादित्य ११२६ मध्ये गेला. पुढे कलचुरी बिज्जळाने कल्याणची गादी बळकावली आणि वरचे छप्पर ढिले झाले. बाराव्या शतकाच्या अखेरीस रट्ट जवळजवळ स्वतंत्र झाले. वेणुग्राम गोव्याच्या कदंबांकडून रट्टांकडे आले ते याच सुमारास, आणि रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या काळात त्यांची राजधानी सौंदत्तीहून वेणुग्रामला आली.

६. रट्ट म्हणजे राष्ट्रकूटच का? आणि त्यांचा लातूरशी काय संबंध?

रट्ट स्वतःला राष्ट्रकूटांच्या वंशातले म्हणवतात. सौंदत्तीत, तेव्हाच्या सुगंधवर्तीत, बसून ते आपल्याला "लत्तलूरपुरवराधीश्वर" म्हणवून घेतात. लत्तलूर म्हणजे लातूर. राष्ट्रकूटांचेही हेच बिरुद.

हे वाचून लातूरचे एक काका मला म्हणाले, "म्हणजे बेळगाव आमचे!" काका, जरा थांबा. गोव्याचे कदंब स्वतःला बनवासीचे अधीश्वर म्हणवत. देवगिरीचे यादव द्वारावतीचे, म्हणजे द्वारकेचे. कोल्हापूरचे शिलाहार तगरपुराचे, म्हणजे आपल्या तेरचे. बिरुदातला गाव म्हणजे घराण्याने सांगितलेले मूळ गाव. तिथे त्यांची सत्ता होती असे त्यातून निघत नाही. आपल्याकडे नाही का, तीन पिढ्या बेळगावच्या टिळकवाडीत राहून मूळ गाव विचारले की कोकणातले सांगतात.

७. हलशी खरेच राजधानी होती? ते तर खेडे आहे.

होती. बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी पलाशिका ती हीच. पळसावरून पलाशिका. पुढे कन्नडमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा 'प' बदलून 'ह' झाला: पळ्ळीचे हळ्ळी झाले, तसे पलसिगेचे हलसिगे आणि आपल्या तोंडी हलशी.

हलशीत कदंबांचे ताम्रपट सापडले, भाषा संस्कृत. त्यातला पाचव्या शतकातला काकुस्थवर्म्याचा पट मला फार आवडतो. आपला जीव वाचवल्याबद्दल श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीला तो एक शेत देतो. जीव कशातून वाचवला, कुणाच्या तलवारीखालून, हे तो सांगत नाही. नुसते शेत आणि नाव. दुसऱ्या पटात मृगेशवर्मा वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधतो आणि यापनीय, निर्ग्रंथ, कूर्चक अशा तीन पंथांच्या जैन साधूंसाठी ३३ निवर्तने (जमिनीचे जुने माप) जमीन देतो. रविवर्म्याच्या पटात तर लढाईच आहे: विष्णुवर्म्याला मारले, कांचीच्या चंडदंडाला उखडले आणि पलाशिकेत ठाण मांडले.

एक घोटाळा मात्र टाळा. आज हलशीला आपण पाहतो ते भूवराह-नरसिंहाचे देऊळ या राजांचे नाही. ते सुमारे सातशे वर्षांनंतरच्या गोव्याच्या कदंबांच्या काळातले. आत समोरासमोर दोन गाभारे आहेत. मधल्या मंडपात उभे राहून एकीकडे वराह पाहायचा, वळायचे आणि नरसिंह पाहायचा. मुलांना ही वळण्याची गंमत देवापेक्षा जास्त लक्षात राहते. देवळाच्या लेखातले साल कलियुगाचे आहे, त्याबद्दल प्रश्न ८ पाहा.

८. लेखातला शक सनात कसा बदलायचा? ७८ मिळवले की झाले ना?

बहुतेक वेळा होते. वर्ष चैत्रात सुरू होते, म्हणून पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला बऱ्याचदा ७९ मिळवावे लागतात. खरी ठेच लागते ती "गत" आणि "वर्तमान" वर्षांत. काही लेख संपलेले वर्ष मोजतात, काही चालू असलेले.

माझीच फजिती सांगतो. बेळगाव किल्ल्यातल्या बस्तीच्या (जैन देवळाच्या) लेखात शके ११२७, रक्ताक्षी संवत्सर, पौष महिना आहे. एका व्याख्यानात मी फळ्यावर ११२७ अधिक ७८ मांडून १२०५ लिहिले. मागच्या बाकावरच्या एक आजी उठल्या. पंचांग बघणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "रक्ताक्षी संवत्सर आमच्याकडे १९८४ च्या पाडव्याला लागले होते. साठ-साठ वर्षे मागे जा बघू." गेलो. १९८४ मधून ७८० वजा, १२०४ च्या पाडव्याला सुरू झालेले वर्ष. लेखातला शक वर्तमान धरलेला होता आणि तारीख डिसेंबर १२०४ ची निघाली. तेव्हापासून आधी संवत्सर बघतो, मग शक.

गोव्याच्या कदंबांची खोड वेगळी. ते अनेकदा कलियुगाचे वर्ष देतात. त्यातून ३१०१ वजा करा. हलशीच्या लेखातले ४२७० म्हणजे ११६९, शिवचित्त पेर्माडीचा काळ. याच शिवचित्ताची राणी कमलादेवी, जिने कित्तूरजवळ देगावचे कमलनारायणाचे देऊळ बांधवले.

९. बेळगाव किल्ल्यात १०८ बस्त्या होत्या आणि त्या पाडून किल्ला बांधला, हे खरे का?

ती कथा आहे, आणि गावात ती फार प्रेमाने सांगतात. आज उभी आहे ती कमल बस्ती आणि जवळच पडझड झालेली चिक्की बस्ती. कमल बस्ती १२०४ मध्ये चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बीचण याने बांधवली. आत गेलात की मूर्तीच्या आधी वर बघा. छतातून दगडी कमळ उलटे लोंबते, पाकळ्यांवर तीर्थंकर. मान दुखेपर्यंत बघा, खाली उतरल्यावर पुन्हा बघावेसे वाटते.

या बस्तीचे दोन शिलालेख आज बेळगावात नाहीत, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत व्यापाऱ्यांनी बस्तीला दिलेल्या देणग्यांची नोंद आहे, आणि त्या व्यापाऱ्यांत लाट म्हणजे गुजरातकडचे आणि मलयाळ म्हणजे केरळकडचे लोक आहेत. प्रश्न २ मध्ये नाक्याबद्दल जे म्हटले ते इथे दगडावर कोरलेले सापडते.

किल्ल्यातच असदखानाची सफा मशीद आहे, १५१९ ची. तिच्या दोन खांबांवर जुने लेख आहेत: एक ११९९ चा रट्टांचा, दुसरा १२६१ चा यादव कृष्णाचा. म्हणजे जुन्या इमारतींचे खांब नव्या इमारतीत गेले, एवढे नक्की. त्यातून १०८ हा आकडा काही निघत नाही.

१०. बीचण रट्टांचा मंत्री होता, मग रट्टांचा पाडाव करणारा बीचण कोण? फितूर झाला का?

अजिबात नाही, बिचाऱ्यावर हा आळ नेहमी येतो. बीचण दोन आहेत. पहिला कमल बस्तीवाला, प्रश्न ९ मधला. दुसरा देवगिरीच्या सिंघण यादवाचा दक्षिणेतला अधिकारी, चिक्कदेवाचा मुलगा. १२३८ च्या हरळहळ्ळी ताम्रपटात त्याचा पराक्रम आहे: रट्ट, कोकणचे कदंब, गुत्त, पांड्य, होयसळ यांना नमवून त्याने कावेरीकाठी विजयस्तंभ उभारला. अतिशयोक्ती वजा केली तरी रट्टांचे राज्य याच सुमारास संपले हे खरे.

११. सगळे शिलालेख कन्नडच कसे? मराठी एकही नाही?

आपल्या भागातले त्या काळचे बहुतेक लेख कन्नड किंवा संस्कृत आहेत. हे नाकारण्यात अर्थ नाही आणि त्यात कमीपणाही नाही. राजवटीच्या दरबाराची भाषा दगडावर येते. शेतात कोण काय बोलत होते ते दगड सांगत नाही.

लिपी आणि भाषा यांची मात्र गल्लत करू नका. सफा मशिदीतल्या त्या दोन खांबांवर लिपी नागरी आहे, भाषा कन्नड. मराठी माणूस पुढे होऊन मोठ्याने अक्षरे वाचू लागतो, वाचता येते, अर्थ लागत नाही. मागे उभा असलेला कन्नड मित्र ऐकून अर्थ सांगतो. मी हा प्रयोग दोनदा पाहिला आहे.

उलटेही आहे. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी "श्री चावुण्डराजें करवियलें" हे मराठी आहे, आणि तीच गोष्ट शेजारी कन्नड व तमिळमध्येही कोरली आहे. पंढरपूरला होयसळ सोमेश्वराचा १२३७ चा लेख आहे, त्यात कन्नड आहे.

१२. यादव मराठी की कन्नड?

त्यांच्या राज्यात मराठी फुलली आणि त्यांचे दक्षिणेतले लेख कन्नडमध्ये आहेत. दोन्ही खरे. बाकीचे वरच्या प्रश्न ११ मध्ये वाचा.

१३. मग या इतिहासाचा सीमाप्रश्नात पुरावा म्हणून उपयोग होतो का?

दोन्ही बाजूंचे लोक हा विचारतात, म्हणून स्पष्ट लिहितो. दगड दाखवून गाव कुणाचे ते ठरत असते, तर पंढरपूरवर कर्नाटकाने आणि श्रवणबेळगोळवर महाराष्ट्राने दावा सांगायला हवा. आजची हद्द १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेतली आहे. तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथला मुद्दा आजच्या गावांचा आणि आजच्या माणसांच्या भाषेचा आहे. माझे मत काय हे खानापुरात कुणालाही विचारा, पण त्यासाठी कार्तवीर्याला साक्षीला बोलवायची गरज मला वाटत नाही.

१४. आमच्या शेतात कोरलेला दगड निघाला आहे. काय करू?

आधी काय करू नका ते ऐका. शेंदूर लावू नका, तेल ओतू नका, तारेच्या ब्रशने घासू नका, अक्षरांत खडू भरू नका. एका गावी देवळाच्या रंगकामात लेखावर ऑइल पेंटचे दोन हात बसले, आता बोटाने चाचपूनही अक्षर लागत नाही.

साध्या पाण्याने हलके धुवा. फोटो सकाळी लवकर किंवा सूर्य उतरताना काढा, ऊन तिरपे पडले की बुजलेली अक्षरे उठून दिसतात. दुपारच्या उन्हात सगळे सपाट. दगडावर माणूस लढताना, वर अप्सरा आणि सगळ्यात वर पिंडी असेल तर तो वीरगळ. सूर्य-चंद्र आणि गाय-वासरू असेल तर बहुधा दानलेख: चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालावे. शेवटी शाप असतोच, दिलेली जमीन हिरावणारा साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल. आपल्या तलाठ्यांना हे वाचून दाखवले तर हसतात.

तहसीलदार कार्यालयाला आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुराभिलेख शाखा म्हैसूरला आहे. तिथले लोक ओला कागद दगडावर ठोकून, शाई लावून ठसा घेतात. नाणी किंवा दागिने निघाले तर निखात निधी (पुरलेले धन) कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. "जमीन माझी, हंडा माझा" हे चालत नाही.

१५. मी एका काल्पनिक साम्राज्याच्या सीमाप्रांतावर कादंबरी लिहितेय. आपल्या भागातले काय उचलू?

ताई, लढाया कमी उचला, त्या सगळ्यांकडे असतात. ज्या गावावर राज्य नाही त्याचे नाव मिरवणारा मांडलिक घ्या (प्रश्न ६). सम्राटाची मुलगी सीमेवरच्या घरात सून म्हणून येते, तिच्या सोबतची माणसे कुणाची, हे पाहा (प्रश्न ५). एकाच नावाचे दोन अधिकारी दोन बाजूंना ठेवा आणि वाचकाला आमच्यासारखे गोंधळू द्या (प्रश्न १०). गावचा गावुंड, म्हणजे गावप्रमुख, मात्र सोडू नका. राजे बदलतात, हा बदलत नाही; नव्या राजाचा माणूस आला की तोच पुढे होऊन शिवार दाखवतो. आजचे गौडा हे आडनाव त्याच शब्दातून आले आहे. आणि तुमच्या नाक्यावर एक लेखनिक बसवा, दोन भाषा येणारा, पगार थकलेला. जकात कुणाच्या नावाने मांडायची हे त्याला त्या सकाळी अजून कुणी सांगितलेले नाही, आणि घाटातून बैलांच्या घंटा ऐकू यायला लागल्या आहेत.